त्यांनी म्हणजे कुणी

आमच्याकडं बाई भायाचं नाव घेत नाही. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घेता येतं, भायाच्या नावाला उखाणाही नाही. माझ्या भायांच्या नावात एका वाराचं नाव आहे, म्हणून लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्या वाराला 'बाजाराचा दुसरा दिवस' म्हणत आले. पोरं लहान असताना त्यांच्याकडून वार म्हणून घेताना मी तेवढ्या ठिकाणी गप्प व्हायची आणि पोरं खिदळत तो वार ओरडायची. एकदा धाकटीला ताप आला. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? मी म्हणलं, बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून. डॉक्टर परगावचा होता. "कुठल्या गावच्या बाजाराच्या?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला हसू आलं होतं. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

गावचं सरपंचपद बायकांसाठी सुटलं त्या वर्षी भाया आमच्या अंगणात आले आणि खाकरले. ते खाकरले की मी पदर ओढून आत जायचं, ही रीत. मी आत गेले. बाहेर ते माझ्या मालकांना म्हणाले, "आमच्या घरातलीचं गुडघं धरत्यात. तिला फिरवायला जमायचं न्हाय. तुझ्या घरातलीला उभं करू."

"दादा म्हणताल तसं," मालक म्हणाले.

मी चुलीपाशी उभीच होते. त्यापेक्षा वेगळं उभं राहणं पुढंही काही झालं नाही.

बॅनरवर भायांचा फोटो कमरेपासून वर होता, हात जोडलेला, पांढरा शर्ट. माझा फोटो खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरचा, डोळे अर्धे मिटलेला. निकालाच्या दिवशी गुलाल भायांच्या अंगावर पडला. मी घरात पीठ मळत होते, कारण गावजेवण आमच्याच अंगणात होतं. नंतर कुणीतरी चिमूटभर गुलाल आणून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणालं, "वैनी, आपण निवडून आलो."

भायांच्या गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत 'सरपंच' आलं. त्या गाडीत मी दोनदा बसले असेन, मागच्या बाजूला, जाऊबाईच्या पलीकडं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझं नाव रंगवलं होतं. मी चौथी शिकले, जोडाक्षरांना थांबत थांबत वाचते, पण माझं नाव भिंतीवर मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाव चांगलं रंगवलं होतं. त्याच्या खालची खुर्ची मात्र मला बसायला मिळाली ती भाया गावात नसतील तेव्हाच. ते असले की त्यांच्यासमोर खुर्चीवर कसं बसायचं? मी दाराजवळच्या सतरंजीवर बसायची. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. ते पहिल्या मिटिंगला म्हणाले, "वैनी, वर बसा, तुम्ही सरपंच हायेत." भायांनी नुसतं माझ्या मालकांकडं बघितलं. पुढच्या मिटिंगपासून भाऊसाहेबांनी वर बसा म्हणायचं सोडलं.

झेंडा मात्र मीच ओढायची. एका पंधरा ऑगस्टला दोरीची गाठ अडकली, तर भायांनी पुढं होऊन ती सोडवली आणि तसेच माइकसमोर गेले. समोर शाळेची लेकरं उन्हात बसलेली. भाया बोलायला लागले की तास जातो. पुढारी कसा असावा यावर त्यांनी सांगितलं. "पुढारी स्वच्छ असावा. त्यानं लपवून काई करू नये. खरं बोलायला छाती लागती, लेकरांनो. आपल्या गावात कुणाच्या भेवानं कुणी गप बसत न्हाय."

बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी आत्या बसली होती. ती माझ्या सासूची लांबची नणंद, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. नवरा नाही, मूल नाही, रान नाही. तिच्या शेळ्या होत्या आणि तोंड होतं. ती पदराआडून म्हणाली, "व्हय, भेवानं कोण गप बसतंय. हेचं भाषान ऐकून झोप लागती म्हणून बसतेत गप." पुढच्या दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. मीही हसले असेन. तेव्हा आत्याच्या शेळ्या माळावर चरत होत्या आणि आम्हाला वाटत होतं की हसून भागतं.

गावाच्या वरच्या अंगाला तो माळ आहे, गायरान. पिकाला काही उपयोगाचा नाही, नुसता मुरूम. पण तरवड, बोरी, हिवर, बाभळी, पाऊस पडल्यावर कुसळीचं गवत. माणसाला काटा दिसतो तिथं शेळीला घास दिसतो. ज्यांना रान नाही अशी सगळी घरं त्या माळावर शेळ्या सोडत आली. आत्याचं तर सगळंच त्यावर. औषधपाणी, लुगडं, घराचे पत्रे, सगळं शेळीच्या पाठीवर बसून भूमच्या बाजारातून आलेलं. ती म्हणायची, "माजा सातबारा चार पायावर चालतो."

एका सकाळी माळावर खांब रोवायला सुरुवात झाली. सोलरच्या काचा बसवणार, कंपनी येणार, माळाभोवती तारेचं कुंपण होणार. कुंपणाचं काम भायांच्या थोरल्या पोराकडं, जेसीबी त्याच्या मेहुण्याचा. ग्रामसभेनं एकमतानं गायरान दिलं असं भाऊसाहेब सांगायला लागले.

आत्या आमच्या मागच्या दारानं आत आली. चप्पल काढली नाही.

"सरपंचबाई, शेळ्या कुठं नेऊ आता? तुज्या माजघरात बांधू का?"

मी म्हणलं, "आत्या, मला ठावंच न्हाय."

"तुला ठावं न्हाय तर मग ठरीवलं कुणी? तू न्हाय, म्या न्हाय, शेळ्यानं ठरीवलं का?"

मला खरंच माहीत नव्हतं. सभा एक झाली होती, मारुतीच्या देवळात, पण ती नळपट्टीची. मी स्वतः बायकांच्या बाजूला बसले होते. गायरानाचा शब्द कुणी काढला नव्हता. सभा झाल्यावर भाऊसाहेबांनी सह्यांना कागद पुढं केले. वरचा मी वाचला, तो नळपट्टीचाच होता. दुसऱ्याला हात लावला तर म्हणाले, "वैनी, तेच हाय सगळं. दादा गाडीत थांबलेत." दादा थांबलेत म्हणल्यावर आमच्या गावात माणूस घास गिळायचाही थांबत नाही. मी बाकीच्यांवर न वाचताच सह्या केल्या.

मालकांना विचारलं. हे जेवत होते. म्हणाले, "दादा बगतेत ते."

"पर आत्याच्या शेळ्या..."

"दादा बगतेत म्हणलं ना."

मग बायकांनी तालुक्याला तक्रार केली. आत्यानं सगळ्यांना गोळा केलं. शिकलेल्या एका सुनेनं लिहून दिलं. साहेब चौकशीला येणार असं कळलं, आणि तिथल्या शिपायानं आत्याला सांगितलं की साहेब सरपंचाला विचारणार. सरपंच म्हणाली की सभेत ठरलंच नाही, एकट्या माणसानं ठरवलं, तर काम थांबेल. आत्या तशीच माझ्याकडं आली. या वेळी चप्पल काढून आली. खाली बसली आणि माझा हात धरला. तिनं असा हात कधी धरला नव्हता.

"तुला काई भाषान करायचं न्हाय गं," ती म्हणाली. "इचारलं की सांगायचं, कुणी केलं. बास."

संध्याकाळी जाऊबाई आल्या. गुडघे धरत पायरी चढल्या. त्यांना मी अक्का म्हणते. त्या वाईट बाई नाहीत. "हे म्हणलेत," त्या म्हणाल्या, "सायबानं इचारलं की व्हय म्हणायचं. जे इचारल त्याला व्हय."

"अक्का, आन् न्हाय म्हणलं तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अंगणात नागडी उभी आहे. "काय येड लागलं का गं तुला," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी ठरवलं होतं. भाकरी थापताना मनात सगळं म्हणून बघितलं: सभा नळपट्टीची होती, गायरानाचं नाव निघालं नाही, त्यांनी ठरवलं. तीन वाक्यं. ती मला येत होती. त्यातल्या तिसऱ्यात काय खोट आहे ते मला कळलं नाही, कारण घरात 'त्यांनी' म्हणलं की कुणाला विचारावं लागत नाही. त्यांनी बैल विकला, त्यांनी सोयरीक मोडली, ते आले, ते चिडले. आमच्या घरात 'ते' एकच. मालकांनासुद्धा मी 'हे' म्हणते.

चौकशी देवळाच्या मंडपात झाली. साहेब खुर्चीवर, शेजारी भाऊसाहेब, समोर पहिल्या ओळीत भाया, पायावर पाय टाकून. त्यांच्या मागं सगळं गाव दाटीवाटीनं. बायका एका बाजूला भिंतीला. साहेब तरुण होता, बोलायला चांगला.

"सरपंच कोण?"

मी उभी राहिले. पदर डोळ्यावर आला होता, तो मी थोडा मागं सारला.

"ताई, घाबरू नका. सभा कधी झाली होती?"

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे कोणत्या वारी?"

मी परत तेच म्हणलं. पुरुषांत खसखस पिकली. भाया मोठ्यानं हसले. "सायेब, त्यो वार माज्याच नावात हाय. म्हणून ती घेत न्हाय. लग्न होऊन आल्यापासनं तिनं त्यो वार त्वांडातनं काडला न्हाय बगा." साहेबही हसला. "वा," म्हणाला, "अजून आहेत म्हणायची अशी माणसं." भायांनी मिशीवरून हात फिरवला.

"बरं. गायरान सोलरला द्यायचं कुणी ठरवलं?"

"त्यांनी."

"त्यांनी म्हणजे?"

मी समोर बघितलं. हात करायचं धाडस झालं नाही, नुसती हनुवटी उचलली. माझ्या हनुवटीसमोर भाया होते आणि भायांच्या मागं अख्खं गाव.

"गावकऱ्यांनी," साहेब म्हणाला आणि लिहायला लागला.

"व्हय व्हय," मागून आवाज आले, "गावानंच ठरीवलं."

"न्हाय," मी म्हणलं. "त्यांनी. थोरल्यांनी."

"थोरल्यांनी. म्हणजे ज्येष्ठ मंडळींनी." साहेबानं तेही लिहिलं. त्याचा दोष तरी काय? शाळेत शिकलेली मराठी तो लिहीत होता. घरातलं एक माणूस त्या मराठीत अख्ख्या गावाएवढं मोठं होत होतं आणि मी उभी राहून ते बघत होते.

भिंतीजवळून आत्या उठली. "अगं बाई, नाव घे की त्येचं! नाव घे! मरत न्हाय नाव घेऊन कुणी!"

भाया शांत होते. "आत्या, बस खाली," ते म्हणाले. "सायेब, आमच्या घरची बाई हाय. संस्कार हायेत. गळा कापला तरी नाव घेणार न्हाय."

ते हे अभिमानानं बोलले. माझाच अभिमान वाटत होता त्यांना. त्यांनी गायरान घेतलं त्याचा राग मला आधीपासून होता. पण माझ्या गप्प बसण्याचं कौतुक माझ्याच तोंडावर करत, त्याच गप्प बसण्याच्या आड ते बसले होते, हे मला त्या घडीला दिसलं.

मी नाव घेतलं. त्यांचं, बापाचं, आडनाव. राव नाही, दादा नाही. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, लई मोठा आला.

 मंडपात एकदम गलका उठला. कुणी "आरारारा" म्हणलं. एक म्हातारा म्हणाला, "बुडालं." बायकांनी तोंडाला पदर लावले. माझे मालक उठून मंडपाबाहेर गेले. मी बोलतच होते. सभा नळपट्टीची होती, गायरानाचं नाव निघालं नव्हतं, मी तिथंच बसले होते. जी वाक्यं मी पाठ केली होती ती सगळी मी बोलले, एकही गाळलं नाही. पण नावानंतरचं कुणाच्याच कानात गेलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनंही नंतर मला विचारलं, "तू अजून काई बोललीस का?"

साहेबानं हात वर करून गलका थांबवला. भायांकडं बघून म्हणाला, "हे तुम्हीच ना?"

भाया उठून उभे राहिले, हात जोडले. चेहरा उतरला होता, पण खरं सांगायचं तर फार नाही. "मीच सायेब. गावासाठी पुढं होऊन केलं. कुणीतरी पुढं व्हावंच लागतं."

"अच्छा," साहेब म्हणाला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागला, भाऊसाहेब त्याला शब्द पुरवत होते: "...यांच्या नेतृत्वाखाली... ज्येष्ठ मंडळी व ग्रामस्थांनी... असे सरपंचांनी समक्ष सांगितले."

नेतृत्वाखाली. तो शब्द मी भायांच्या बॅनरवर वाचला होता, जोडाक्षराला थांबून. त्याचा असाही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी चोर म्हणून नाव सांगितलं आणि ते पुढारी म्हणून लिहिलं गेलं. साहेबानं मला विचारलं, "बरोबर ना ताई?" मी न्हाय म्हणलं. तोवर चहा आला होता.

त्यानंतर गावात गायरानाची गोष्ट कुणी बोललं नाही. गोष्ट एकच झाली: सरपंचबाईनं भायाचं नाव घेतलं, तेही चारचौघांत, तेही देवळात. पाणी भरताना, दळण आणताना, सगळीकडं तेच. ज्या बायकांनी तक्रारीवर अंगठे उठवले होते त्यातल्या एकीनं मला तोंडावर सांगितलं, "शेळ्या गेल्या ते खरं बाई, पर तू तसं करायला नको हुतं. आमच्या सुना बगतेत." मालक आठवडाभर माझ्याशी फक्त मीठ-पाण्यापुरतं बोलले. अक्कांनी येणं बंद केलं. भाया मात्र अंगणात आले, खाकरले, आणि मी आत गेले नाही तेव्हा परत फिरले. एवढी एकच गोष्ट बदलली.

लोक म्हणतात, त्यांना माणसं जोडता येतात. खरं आहे. मोठ्या माणसाला खोटं बोलावंच लागत नाही हे मी शिकले. त्याच्याभोवती भाषाच अशी बसवलेली असते की आपण खरं बोललो तरी ते त्याच्या सोयीचं होऊन बाहेर पडतं. आणि जो अदबीनं बोलतो त्याचं म्हणणं आधी वाया जातं. मी जर पहिल्यापासून आत्यासारखी तोंडाळ असते तर साहेबानं काय लिहिलं असतं कोण जाणे. बहुतेक 'एका महिलेनं गोंधळ घातला' असं लिहिलं असतं.

कुंपण झालं. माळावर काचांच्या रांगा बसल्या. आत्यानं थोडे दिवस रस्त्याच्या कडेनं, लोकांच्या बांधानं शेळ्या फिरवल्या. बांधावर शेळी दिसली की लोक दगड घेऊन येत. त्यात ज्यांच्या शेळ्या माळावरून निघाल्या होत्या आणि जे आता दुसऱ्यांची रानं राखत होते असेही लोक होते. एक पाट, म्हणजे तरणी शेळी, पाय मोडलेली घरी आणली तेव्हा आत्या म्हणाली, "बास. इकून टाकते."

ज्या दिवशी ती बाजाराला निघाली त्याच दिवशी सोलरचं उद्घाटन होतं. फीत सरपंचानं कापायची होती. आदल्या दिवशी मालक म्हणाले, "दादानं नवं लुगडं धाडलंय. जावं लागतंय. झालं गेलं इसरायचं म्हणलेत." लुगडं चांगलं होतं, हिरवं. मी ते घडी न मोडता अक्कांच्या ओट्यावर ठेवून आले आणि सकाळी आत्याबरोबर टेम्पोत बसले, शेळ्यांच्या मधे.

भूमच्या बाजारात आत्यानं प्रत्येक शेळीची कहाणी सांगितली. ही दोन-दोन देती, ही पावसात खोकती पर गोड हाय, ही तापट हाय, हिला पुढून धरू नगा. व्यापारी वैतागला. "आजे, इकायचीय का सोयरीक करायचीय?"

"सोयरीकच म्हण," आत्या म्हणाली. "फकस्त परत माहेराला धाडणार न्हायस तू."

शेळ्या दुसऱ्या टेम्पोत चढल्या. तापट होती ती चढेना, तर आत्यानंच तिला मागून ढकललं.

परत येताना एसटीत आमच्या गावचा एकजण पुढच्या सीटवर बसला होता. त्यानं फोन आमच्याकडं धरला. "बगा वैनी, कारेक्रम झाला पन." फोनमध्ये भाया होते, पांढऱ्या शर्टात. शेजारी अक्का हिरव्या लुगड्यात, गुडघ्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं कात्री चालवत होत्या. माइकवरून कुणीतरी म्हणत होतं, "आपल्या गावच्या सरपंच यांच्या शुभहस्ते," आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या गर्दीत मला रोज बघणारी सगळी माणसं होती. कुणी म्हणलं नाही की ही ती नव्हे.

आत्यानं फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"चांगलं हाय की," ती म्हणाली. "तू नसलीस तरी चालतंय त्यास्नी."

फोनवाला हसला. मला वाटलं आत्याही हसेल. ती हसली नाही. शेळ्यांची दावी तिच्या मांडीवर होती, ती एकेक सोडवून गुंडाळत होती. मला म्हणाली, "उद्यापासनं कुणाच्या रानात खुरपायला बाई लागत आसंल तर इचारून ठिव. माज्यानं कुणाला म्हणवायचं न्हाय."

मी बरं म्हणलं. दुसऱ्या दिवशी चार घरी विचारलं. त्यातल्या तिघांनी मला दारातच विचारलं की दादांना चालेल का.